कानशिलावरचा मार

कळंबच्या धम्मपालनं बावीस वर्षं वायरमनचं काम केलं, पण शिडीवरून त्याचा पाय कधी निसटला नव्हता. त्या गुरुवारी निसटला आणि डावं कानशील ओट्याच्या कडेवर आदळलं. क्षणभर शुद्ध गेली. मग तो उठला, कपडे झटकले आणि हातातला पंखा बसवूनच घरी आला.

घरी थोरली भावजय कल्याणी होती, उपकेंद्रातली नर्स. चहा पिताना त्यानं पडल्याचं हसत हसत सांगितलं. डोकं जरा ठणकतंय, घटकाभर पडतो म्हणाला. शुद्ध गेली होती का, एवढंच तिनं विचारलं आणि नवऱ्याला गाडी काढायला लावली.

"वहिनी, मला काय बी झालं न्हाई."

"नसंल झालं तर माघारी येऊ. पण आत्ता झोपायचं न्हाई, भावजी."

मंचरला पोचेस्तोवर त्याला दोनदा उलटी झाली, बोलणं जड झालं. स्कॅन बघून तिथल्या डॉक्टरांनी अँब्युलन्सनं पुण्याला धाडलं. वाटेत त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली कल्याणीला दिसली. तिनं पुढं फोन करून तसं कळवलं. ऑपरेशनची तयारी करूनच डॉक्टर थांबले होते.

ऑपरेशननंतर चार दिवसांनी त्यांनी धम्मपालला सगळं समजावलं. कानशिलाचं हाड पातळ असतं, आतल्या बाजूनं त्याला लागूनच एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकलं तशी ती फाटली. मेंदूवर तीन आवरणं असतात, त्यातलं बाहेरचं जाड आणि चिवट. ते आवरण आणि हाड यांच्यामध्ये रक्त साचत गेलं. पुरतं साचेपर्यंत माणूस ठणठणीत वाटतो, मग मेंदू दबायला लागतो. त्या दुपारी झोपला असता तर उठला नसता.

वहिनीचे आभार कसे मानावेत हे धम्मपालला उमगेना. घरच्या माणसाशी असलं बोलायची सवय नव्हती. शेवटी तिनंच वाट काढली. पारगावच्या ऊसतोड कामगारांच्या तपासणीला ती जायची, तिथं त्याला सोबत नेलं. ट्रॉलीवरून पडणारे, मार लागला तरी कोयता न सोडणारे लोक ते.

टोपी काढून धम्मपालनं टाक्यांची खूण दाखवली. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, तर बरं वाटलं तरी दवाखाना गाठा, म्हणून सांगितलं. एका म्हातारीनं पुढं येऊन त्या खुणेवर हात फिरवला आणि विचारलं, "कुणी रं नेलं तुला?"

"ह्यांनी," एवढंच तो बोलला आणि कल्याणीकडं बघत राहिला.