घरच्या माणसाचं तिकीट

त्या दिवशी सांगलीत सकाळपासून मळभ होतं. वारा पडलेला, पाऊस काही येईना, आणि पेठेतल्या हळदीचा भुगा घामाबरोबर मानेला चिकटून बसलेला. आम्ही पोती शिवायचं थांबवून वखारीच्या ओट्यावर चहाची वाट बघत होतो. तेवढ्यात एकानं विचारलं, "तात्या, गावोगाव गोष्टी सांगत हिंडतुस, तुला देत्यात तरी काय रं?"

आता काय सांगायचं? असल्या गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावर जुने डबे साठतात तशा त्या साठतात. एक काढायला हात घालावा तर चार अंगावर येतात.

माझी शाळा दुसरीत सुटली. अक्षरं मोठेपणी जमवली, पोती शिवता शिवता गोष्टी रचल्या, त्यांचं एक पुस्तक निघालं. सत्तर सालानंतर आमच्या सातारा-सांगलीकडं कथाकथनाची हवाच आली होती. वाचनालयं बोलवायची, मंडळं बोलवायची. मी जायचा.

आमच्या हौसाचं, म्हणजे घरच्या मंडळीचं, एकच मागणं होतं. "तुमी काय आनता त्ये मी बगते. पर लोकांत बसून तुमची गोष्ट मला एकदा ऐकायची हाय."

म्हणून बोलावणं आलं की मी कळवायचा, मानधन नको, घरच्या माणसाचं एसटीचं तिकीट तेवढं द्या. दोघं येतो.

●

फलटणकडच्या एका ऊसवाल्या गावानं कळवलं, या, तिकिटाचं बघू. मी एकटाच गेलो. कार्यक्रम झाल्यावर तिकिटाचा विषय काढला, तर अध्यक्ष म्हणाले, तिकीट म्हणजे फारच किरकोळ झालं, तुमच्यासारख्या लेखकाला शोभत नाही. आणि त्यांनी गुळाची अख्खी ढेप माझ्या खांद्यावर दिली.

ती घेऊन एसटीत चढलो. कंडक्टरनं ढेपेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लगेजचं तिकीट फाडलं. पैसे मीच दिले.

घरी हौसानं ते तिकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"म्हंजे गुळाला मिळालं," एवढंच म्हणाली.

●

साताऱ्याजवळ एक गाव आहे, तिथं घरटी एक माणूस मिलिटरीत. वाचनालयाचे प्रमुख एक रिटायर सुभेदार. दहाचा कार्यक्रम दहाला सुरू, अकराला बंद. गोष्ट थोडी उरली होती, ती तशीच उरली.

निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी पिशवीत सरकवलं आणि म्हणाले, तिकिटापेक्षा भारी चीज आहे. स्टँडवर उघडून बघतो तर कॅन्टीनची रम! मी सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. परत करावी तर त्यांना वाईट वाटणार. घरी आणली. हौसानं ती रोज थोडी थोडी गुडघ्यांना चोळली, आणि खरंच तिचे गुडघे सुटले.

मी सुभेदारांना कार्ड टाकलं, की आपल्या औषधानं घरात लय आराम आहे.

उलट टपाली उत्तर आलं, "वहिनी दिवसातून किती घेतात?"

●

माणमधली गोष्ट मी फारशी सांगत नाही. दुष्काळाचं साल होतं. खडी फोडायच्या कामावरची माणसं दुपारच्या सुट्टीत दगडांच्या ढिगाभोवती बसली होती. एका मास्तरांनी बोलावलं होतं, त्यांना थोडं हसवा म्हणून. त्या खेपेला तिकीट मी मागितलंच नव्हतं. कुठल्या तोंडानं मागणार?

गोष्ट संपली. माणसं हसली, पण हलक्यानं, जपून. मग एक म्हातारा धनगर उठला आणि त्यानं स्वतःच्या खांद्यावरचं घोंगडं काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. मी म्हणालो, म्हातारबा, राहू द्या, तुम्हाला लागंल.

त्याला ते आवडलं नाही.

"घ्या," तो म्हणाला. "फुकाट ऐकायची आमाला सवं न्हाई."

घेतलं. काय करणार?

●

शेवटी पाटणकडच्या एका गावानं खरोखर दोघांचं भाडं आगाऊ पाठवलं. हौसानं ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं. बसमध्ये ती खिडकीशी ताठ बसून होती, जणू गोष्ट तिलाच सांगायची आहे.

उतरलो, तशा यजमानांच्या घरच्या बायका पुढं आल्या. बाईमाणसानं उन्हात कशाला बसायचं म्हणून त्यांनी तिला मायेनं आत नेलं. मी देवळापुढच्या मांडवात उभा राहिलो आणि गोष्ट सांगता सांगता तिला शोधत राहिलो. कुठंच दिसेना. पंगतीला बसलो तेव्हा कळलं. पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापायच्या होत्या, एक हात कमी पडत होता.

परतीच्या वाटेत मला तिच्याकडं बघवेना. बस कराडच्या पुढं आली तेव्हा तीच म्हणाली, "गोष्ट बरी झाली का वो?"

त्यानंतर मी थकलो. आलेल्या बोलावण्यांना जमणार नाही म्हणून कळवू लागलो.

●

मग एके दिवशी शेजारचे अण्णाप्पा दारात आले. त्यांचं किराण्याचं दुकान, आणि गल्लीच्या मंडळाची वर्गणी गोळा करायचं काम त्यांच्याकडं. म्हणाले, गल्लीत कथाकथन ठेवलंय, पावती फाडायची आहे.

"कोन येनार हाय?" मी विचारलं.

"तुमीच की."

गल्लीतला माणूस, त्याला मानधन कसलं द्यायचं, असा त्यांचा हिशोब. वर वर्गणीही माझ्याकडूनच. नको म्हणणार होतो, पण हौसा आतनं म्हणाली, "द्या. हितं यायला तिकीट लागत न्हाई."

संध्याकाळी ती सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या सतरंजीवर बसली. मी माइकपुढं उभा राहिलो. म्हशीची गोष्ट, घरात हौसापुढं घोकून गावोगाव सांगून झिजलेली. अर्ध्यात आलो, तिच्याकडं नजर गेली आणि पुढचं सगळं पुसलं गेलं.

"आनि मग," मी म्हणालो. माइक घूं करत होता. "आनि मग..."

"म्हशीनं दावं तोडलं," हौसा बसल्या जागेवरनं म्हणाली.

मी म्हणालो, व्हय, दावं तोडलं. त्याच्या पुढचंही आठवेना.

"तोडून कुटं गेली? मांडवात, नवरदेवाच्या म्होरं," ती म्हणाली, आणि थांबलीच नाही. पदर सारखा करून लोकांकडं तोंड फिरवलं आणि म्हैस, नवरदेव, भटजी, सगळी मिळून पार शेवटापर्यंत नेली. दोन जिल्हे हिंडलो, पण माणसं अशी लोळून हसलेली मी बघितली नव्हती. मी माइकची दांडी धरून तसाच उभा.

टाळ्या थांबल्यावर अण्णाप्पा हार-नारळाचं ताट घेऊन वर आले. माझ्याकडं बघितलं, खाली तिच्याकडं बघितलं. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

"तात्या, नारळ एकच आनलाय. त्यो वैनीस्नी देतो. तुमी बसा आता निवांत."