सलईच्या पट्ट्या

आमच्या वेळी ट्रकच्या बॅटरीत शिशाच्या दोन प्लेटांमध्ये लाकडाची पातळ पट्टी घालत. प्लेटा एकमेकींना टेकल्या की बॅटरी मेली. ते लाकूड परदेशातून यायचं. सन साठच्या पुढे-मागे ते मिळेनासं झालं. दुकानदार म्हणत, येईल तेव्हा येईल. मी चौथी पास, कामठी रोडवर बॅटऱ्या दुरुस्त करणारा, पण वाट पाहत बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, आपल्या जंगलात लाकडाची कमी आहे का?

सागवान बॅटरीच्या तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, काळं पडलं. सावर कुजली. बांबू चिरला. मग सलई धरली. तिच्यात डिंक फार, म्हणून पट्ट्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायच्या. अंगणात चुलीवर लोखंडी कढई, आणि वास असा की शेजारीण वाळत घातलेलं धुणं उचलून आत न्यायची. आच जास्त झाली की पट्टीचा लगदा, कमी झाली की डिंक तसाच. पण हात बसत गेला.

मेव्हण्यानं माझ्यासाठी गिरणीत जागा लावून ठेवली होती. बायको म्हणाली, "यंदाचा उन्हाळा तुमची बॅटरी टिकली तं ठीक. नाही तं गिरणीत जा. मले घरात चूल पायजे, भट्टी नाही."

मी कबूल म्हटलं.

कन्हानकडून मँगनीजची माती आणणारा एक ड्रायव्हर ओळखीचा होता. त्याच्या ट्रकात बॅटरी बसवली. एप्रिलभर सेल्फ मारला की गाडी सुरू. मे अर्धा सरला आणि तो माणसांकडून ट्रक ढकलवत माझ्या दारात आला.

"मिस्तरी, मेली तुमची सलई."

बायको दारातच उभी होती. मी बूच काढलं. आत काठोकाठ पाणी.

"मी डिस्टिल पाण्याची बाटली देली होती ना. हे कुठलं पाणी गा?"

"बाटली सरली. पाणपोईचं टाकत होतो. वाळ्याचं, थंडगार. एवढ्या उन्हात माणसाले पाजतेत, तं म्हटलं इले काहून नाही?"

"रोज?"

"रोजच. तहान का एक दिवसाआड लागते?"

भरून भरून तेजाब बाहेर सांडलेलं, आत उरलं ते सरबत. झाकणाभोवतीचं डांबर तापवून मी बॅटरी उघडली. प्लेटा पांढऱ्याफटक, पट्ट्या मात्र शाबूत.

ड्रायव्हर खुलला. "पाहा वहिनी, लाकूड टिकलं. जितले मिस्तरी."

"नाही जितलो," मी म्हटलं. "सरबतात कोणतंही लाकूड टिकते."

बायकोनं विचारलं, "मंग आता?"

"मंग पुन्हा."

"अन् गिरणी?"

"बोललो तं जाईन."

गेलो. सुटीच्या दिवशी मात्र कढई चढायची, आणि चूल आता बायकोच पेटवून ठेवी. पुढच्या उन्हाळ्यात नवी बॅटरी त्याच ट्रकात बसवली. पाणी घालायला दर सुटीला मी स्वतः सायकलवर कन्हानपर्यंत जायचो. ड्रायव्हर म्हणे, "सासुरवाडीले तरी इतके जाता का?"

मृग लागला तरी गाडी सेल्फवरच सुरू होत होती. बॅटरी उघडून पट्ट्या पाहिल्या, खऱ्या तेजाबातही शाबूत, आणि त्याच आठवड्यात गिरणी सोडली. मेव्हण्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे. पुढं प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. तोवर कामठी रोडचे कितीतरी ट्रक माझ्या सलईवर चालले.