दोन झाकणांची फरशी

सेहेचाळीस वर्षांच्या बाईला बेबी म्हणायचं हे मला लग्न झाल्यापासून पटलेलं नाही. पण माझ्या नणंदेला सगळं घर बेबीच म्हणतं, म्हणून मीही म्हणते. नवऱ्याचं घर सोडून ती एका बॅगेनिशी आमच्याकडे आली त्याला नऊ वर्षं झाली. आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी तिला माझ्याबरोबर हॉलच्या कामाला लावलं. हॉल भाड्याने जातो. सकाळी व्यायामाचे वर्ग, संध्याकाळी सभा, मधेच कधी चादरींचा सेल. आम्ही दोघी तो झाडतो, पुसतो, खुर्च्या मांडतो, परत उचलतो आणि संडास धुतो.

वीस वर्षं मी लोकांची घाण काढते आहे. माणसांबद्दलचं माझं मत त्यावरूनच झालेलं आहे. खुर्चीच्या खाली बोट फिरवलं की चघळलेला डिंक लागतो. बेसिनमध्ये भिजून फुगलेलं बिस्किट सापडतं. नाक शिंकरलेले कागद लोक कुंडीत खोचून ठेवतात, म्हणजे जणू झाडाला खतच घातलं. चांगल्या कपड्यांतली माणसं जास्त घाण करतात, कारण ती त्यांना कधी काढावी लागत नाही.

तरी रविवारच्या गाडीवाल्यांइतकी शिसारी मला कुणाची आली नाही. दर रविवारी दहा-बारा बाप्ये येतात, कुणाला पोटं सुटलेली, कुणाला टक्कल पडलेलं, आणि रिमोटवर हातभर लांबीच्या गाड्या खेळतात. बरं, गाडी सरळ चालवतील तर शपथ. ती घसरवायची असते. चाकांना रबर नसतं, गुळगुळीत कडक प्लॅस्टिक असतं, आणि गाडी आडवी होऊन, शेपूट बाहेर काढून वळणावरून जाते. याला ते ड्रिफ्ट म्हणतात. त्या प्लॅस्टिकची काळी भुकटी माझ्या फरशीवर पडते आणि तीन पाण्यांनी निघत नाही. वर टेबलावर तारा वितळवल्याचा वास, कपांत बुडवलेले टिशू, आणि स्क्रू तर इतके की झाडूत दाताखाली खडा यावा तसे येतात. पांढऱ्या मिशांचा गृहस्थसुद्धा आम्हाला हाक मारतो, "मावशी, जरा केर काढा." तुझ्या आईची बहीण मी कधी झाले रे बाबा?

आणि बेबी मात्र मॉप हातात धरून त्यांच्याकडे बघत उभी राहायची.

"काय बघतेस एवढं?" मी एकदा विचारलं.

"गाडी उजवीकडे वळते ना, तेव्हा पुढची चाकं डावीकडे असतात."

"मग?"

"मग काही नाही. मजा आहे."

मला त्यात काडीची मजा दिसली नाही.

त्या लोकांत एक दातांचा डॉक्टर आहे. एका रविवारी त्याने एक मोडकी गाडी केराच्या डब्यात टाकली. वरचं कवच नाही, पुढच्या एका चाकाचा दांडा तुटलेला. बेबीने ती डब्यातून काढली, चहाची भुकटी झटकली, आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ही मी घेतली तर चालेल?" तो म्हणाला, "घ्या की मावशी, टाकलीच होती." पुढच्या रविवारी त्याने एक जुना रिमोट आणि बॅटरी आणून दिली. गाडीची चारही चाकं मोटरवर फिरतात, म्हणून शिकायला सोपी आहे, असंही सांगितलं. माणूस तसा बरा आहे. पण केराच्या डब्यातली वस्तू ओट्याशेजारी ठेवून, सायकलच्या तारेने तिचा दांडा बांधत बसलेली बेबी पाहून मला अन्न गोड लागेना.

दुपारी दोन ते चार हॉल रिकामा असतो. नऊ वर्षं ते दोन तास आमचे होते. फरशी पुसायची, भिंतीला टेकून बसायचं, डबे उघडायचे आणि जगाला नावं ठेवायची. बेबी नकला छान करायची, हसून हसून ठसका लागायचा. आता ती घास गिळायची आणि उठायची. ओल्या फरशीच्या मधोमध बादली पालथी घालायची आणि तिच्याभोवती गाडी फिरवायची. गाडी बादलीवर आपटायची, नाहीतर भोवऱ्यासारखी जागीच गरगरायची. महिनाभर हेच. फरशी वाळेपर्यंतही तिला दम नसायचा. मी एकटी भिंतीशी बसून डबा संपवायची. आता सांगायला हरकत नाही, मला एकटं पडल्यासारखं झालं होतं. तेव्हा मात्र मी त्याला किळस म्हणत होते.

"तू पण त्यांच्यातलीच झालीस," मी म्हणायची. "उद्या कपात टिशू बुडवशील."

"वहिनी, एकदा धरून तर बघ. मॉप मारतो ना आपण, तसंच आहे. ढकलायचं नाही, नेत राहायचं. मागचं सुटलं की पुढचं उलटीकडे वळवायचं आणि घाबरून बोट सोडायचं नाही."

"माझे हात कामाला लागलेत," मी म्हटलं.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी गाडी बादलीभोवती फिरायला लागली. आधी अर्धी फेरी, मग एक. मग दोन बादल्यांमधून आठचा आकडा. ओठ घट्ट मिटून, खांदे सैल सोडून ती उभी असायची. नऊ वर्षांत तिला इतकं निवांत मी पाहिलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग तिने गाडीवाल्यांच्या क्लबाच्या सेक्रेटरीला विचारलं. हा सेक्रेटरी कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिथे काय करतो माहीत नाही, इथे शिट्टी वाजवतो. बेबी म्हणाली, "मलाही रविवारी चालवायचीय. तुमच्या परीक्षेचं मला माहीत आहे." परीक्षा अशी, की केशरी शंकूभोवती गाडी घसरवत तीन फेऱ्या मारायच्या. थांबायचं नाही, शंकूला लागायचं नाही, गाडी गरकन उलटी फिरली की बाद. पास झालेला तेवढा क्लबात. सेक्रेटरी आधी हसला, मग आजूबाजूला बघून म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या रविवारी बघू. मावशींची हौस होऊन जाऊ दे."

तो आठवडाभर बेबी घरात गुणगुणत होती. तिने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. साडीसुद्धा माझी जुनीच नेसते. आता मागितलं, तर त्या शिट्टीवाल्याकडे.

रविवारी सकाळी तिने खुर्च्या घेतल्या, मी फरशी घेतली. बादलीत साबणाचं पाणी केलं. कपाटात फरशी चमकवायच्या पॉलिशचा डबा होता, सेलच्या आधी वापरतो तो. मी एक झाकण ओतलं. मग अजून एक. गाडी धड उभी राहणार नाही, बेबी चार लोकांत तोंडावर पडेल आणि हे खूळ एकदाचं जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ज्यांच्या घाणीने मला ओकारी येते त्या लोकांनीही असली घाण कधी केली नसेल.

"आधी मावशींचं उरकून घेऊ," सेक्रेटरी म्हणाला.

बेबी चपला काढून फरशीवर गेली. शंकूभोवती अनवाणी एक फेरी मारली आणि मधेच थांबली. पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जास्त नाही, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. मी मॉप पिळायला लागले.

तिने गाडी खाली ठेवली. गाडी सुटली ती इतकी आडवी झाली की मला वाटलं, गेली. पण बेबीचं बोट हललं नाही. चाकं उलटी वळली, गाडी सावरली, आणि साबणाची वडी ताटात फिरावी तशी शंकूभोवती फिरत राहिली. दोन महिने ती ओल्या, साबणाच्या फरशीवरच तर शिकली होती. एक फेरी. दोन. तीन. डॉक्टरने टाळ्या वाजवल्या.

मग सेक्रेटरीने स्वतःची गाडी काढली. ती पहिल्याच वळणावर गरगर फिरली, भिंतीवर आपटली आणि तिचं पुढचं तोंड फुटलं. त्याने वाकून फरशीला बोट लावलं, हुंगलं.

"पॉलिश लावलंय. फरशी कुणी पुसली?"

मी तोंड उघडायच्या आत, म्हणजे मी उघडणार होते की नाही देव जाणे, बेबी म्हणाली, "मी."

"म्हणजे स्वतःच्या परीक्षेसाठी स्वतःच फरशी तयार केलीत. ही फसवणूक झाली, मावशी. हे आम्ही धरत नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण तेही मी बोलले नाही. डॉक्टर दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगतो, त्याने स्वतःचं मिटून घेतलं. मी मूग गिळून उभी राहिले. बेबीने गाडी उचलली, घरी येऊन फडक्यात गुंडाळली आणि ज्या बॅगेनिशी आमच्याकडे आली होती त्याच बॅगेत ठेवून दिली.

ती मला एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दुपारी दोन वाजता ती पुन्हा माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसायला लागली. मला हवं होतं ते मिळालं होतं. डबे उघडायचे, ती एखादी नक्कलही करायची माझ्यासाठी, आणि मी अर्धा डबा तसाच झाकून ठेवायची.

पुढच्या रविवारी तिने डोकं दुखतंय म्हणून अंथरूण सोडलं नाही. मी एकटी गेले. फरशी स्वच्छ पाण्याने पुसली, कोरडी केली. माणसं आली, कप आले, टिशू आले. मी मॉप घेऊन मधोमध जाऊन उभी राहिले.

"मागच्या रविवारी फरशी मी बिघडवली. तिने नाही."

सेक्रेटरीने शिट्टी तोंडातून काढली. "का पण?"

"मला तुमची किळस येते म्हणून. हे कप बघा. हा कागद कुणाच्या नाकाचा आहे ते सांगा. तिने तुमच्यात येऊ नये म्हणून केलं. तिला ठाऊक होतं, तरी तिने माझं नाव घेतलं नाही."

"मावशी, शब्द जपून. आम्ही तक्रार करू शकतो."

"करा. मालकाचा नंबर दारावर लिहिलाय."

डॉक्टर उठला आणि स्वतःचा कप उचलून डब्यात टाकून आला. "बोलवा त्यांना," तो म्हणाला. "परत घेऊ परीक्षा."

घर दोन गल्ल्यांवर आहे. बेबी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी सगळं सांगितलं.

"तेव्हा गप्प का बसलीस?"

"काम जाईल, भीती वाटली."

"आणि माझं गेलं असतं तर?"

मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हटलं, "चुकलं माझं. फार घाणेरडं वागले मी."

भिंतीकडेच बघत ती म्हणाली, "झाकणं किती टाकली होतीस?"

"दोन."

ती उठून बसली. "दोन? मला वाटलं एक. तरीच म्हटलं, एका झाकणाला एवढी कशी सुटते." तिने केस मागे घेतले. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. "मग मी परत कशाला देऊ परीक्षा? मी दिलीय. त्यांना सांग, दोन झाकणांवर तीन फेऱ्या मारा, मग मला बोलवा."

मी परत गेले. कुणाला न विचारता बादली भरली, सगळ्यांच्या देखत दोन झाकणं मोजून ओतली आणि फरशी पुसून काढली. निरोप सांगितला. सेक्रेटरी म्हणाला, त्याची गाडी अजून दुरुस्त व्हायचीय. पांढऱ्या मिशांचा गृहस्थ पहिल्याच वळणाला फिरला. त्याच्या मागचा शंकूवर आपटला. तिसऱ्याने गाडी उचलून चाकं पुसली, जणू दोष चाकांचाच. मी भिंतीला टेकून बघत होते, आणि खरं सांगते, वीस वर्षांत त्या हॉलमध्ये इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी डॉक्टर आला. ओठ मिटून, हळूहळू चालवत राहिला; गाडी फिरली तेव्हा पुन्हा एकदा पहिल्यापासून सुरुवात केली. मी ते बघितलं आणि पुन्हा घरी आले.

"डॉक्टरला दीड फेरी जमली," मी म्हटलं.

"कुठे सुटली?"

"खिडकीच्या बाजूला. दोन्ही वेळा तिथेच."

"तिथे उतार आहे," बेबी म्हणाली. "पाणी नेहमी तिकडेच जातं, वीस वर्षं पुसतेयस, माहीत नाही तुला? चल, दाखवते त्याला." आणि खाटेखालून बॅग ओढून तिने गाडी बाहेर काढली, चपला घातल्या आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.