वाराच्या दिवशी केलेली मोजणी

बसमध्ये ओल्या मेथीचा वास आला की आमची बंद झालेली पॅसेंजर आठवते. बेळगावला भाजी न्यायला तेवढी एकच गाडी होती. ती बंद करू नका म्हणून सारा गाव भाजीच्या बुट्ट्या घेऊन स्टेशनवर बसला होता. रेल्वेचे साहेब कागद दाखवत म्हणाले, “मंगळवारी मोजलंय, इथून एकही माणूस चढला नाही.” शेजारची आक्का उसळली, “मंगळवारी देवीचा वार पाळतोय आम्ही, गावाबाहेर कोण पाय टाकत न्हाय! बुधवारी आला असता तर तुमास्नी उभं ऱ्हायला जागा गावली नसती.” सगळे हसले. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. गावातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ‘पुन्हा मोजा’ असा अर्ज तिथंच लिहून त्यांची सही घ्यायला हवी होती. मला ते सुचलं, तेव्हा त्यांची जीप निघून गेली होती. अजून संताप येतो, त्यांचाही आणि माझाही.