लाख लावलेलं कपाट

अणदूरचा गुरुसिद्धप्पा तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करून निजाम सरकारच्या शाळेत पुस्तकं सांभाळायचा. शिकवणं सगळं उर्दूतून. पोरांच्या घरी मात्र मराठी, नाहीतर कानडी. मधली सुट्टी झाली की पोरं त्याच्या खोलीतल्या मराठी कपाटाभोवती गोळा व्हायची. कोण शेवटचं पान आधी वाचतं, कोण पुस्तक सदऱ्याखाली धरून नेतं, त्याला सारं ठाऊक.

सत्तेचाळीस साली निजामाविरुद्धच्या चळवळीनं जोर धरला, तसे शाळा तपासणारे मोहतमीम आले. त्यांनी मराठी कपाटाला कुलूप घालून वर लाखेची मोहर उठवली.

दुसऱ्या दिवशी पोरं दारातूनच परतू लागली. गुरुसिद्धप्पानं हाक मारली.

"बसा खाली. बिभीषण, परवा आणून दिलंस ते पुस्तक सांग."

"सगळं?"

"आठवंल तेवढं."

बिभीषण अडखळत सांगू लागला. तो मधलं विसरला, ते रशीदनं जोडलं. शेवटावरून दोघं भांडले. गुरुसिद्धप्पा ऐकतच राहिला. इतकी वर्षं पुस्तकं दिली-घेतली, पण ती पोरांच्या मनात जाऊन काय करतात, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आधी त्याला वाईट वाटलं, मग हट्टच चढला. रोज एकेकाला बोलतं करू लागला. खोलीत जागा पुरेना.

मोहतमीम पुन्हा आले. "हे काय चाललंय?"

"पोरं बोलत्यात, साहेब. लाख हाय तशी हाय, बघून घ्या."

"बोलणं बंद करा."

"कपाट सरकारचं, तुम्ही बंद केलं. ह्यांची तोंडं म्या बंद करणार न्हाय."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला?" म्हणत त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

घरी बायको शिवम्मा भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग पोरं बसणार कुठं?"

संध्याकाळी तिनं अंगण झाडून पोती अंथरली. काही बापांनी भिऊन पोरं अडवली. रशीदनं तर मार खाल्ला, तरी तो आला. गुरुसिद्धप्पा दिवसा अडतीत धान्य मापायचा आणि दिवेलागणीला अंगणात बसायचा.

पुढच्या वर्षी निजामी संपली. नव्या हेडमास्तरांनी त्याला परत बोलावलं. तो गेला, पण अंगण मोडलं नाही.

"आता शाळेतच सगळं मोकळं आहे की," हेडमास्तर म्हणाले.

"असू द्या. उद्या कुणी पुन्हा कुलूप आणलं, तर पोरांना जागा ठाऊक पाहिजे."

आणि वहाणा घालून तो घराकडं निघाला. पोरं येऊन बसली असतील.