कपाटातलं पाणमांजर

माणिकपूरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका जर्मनीत बनलेले चिनी मातीचे जुने प्राणी जमवतात. नवा प्राणी आला की ते आधी तो उलटा करून तळाचा शिक्का बघतात, मग तोंड. कपाटाला कायम कुलूप असतं. "बघा, पण लांबून हां," असं ते प्रत्येकाला बजावतात.

परवा आईला त्यांच्याकडे नेलं. तिची दृष्टी गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कुलूप काढून एक पाणमांजर तिच्या ओंजळीत ठेवलं. मी घाबरून हात पुढे केला.

"राहू दे रे," ते म्हणाले. "ताई, सावकाश बघा."

आईने गुळगुळीत पाठीवरून बोटं फिरवली. "आत्ताच पाण्यातून वर आलंय हे," ती हसली.

त्या संध्याकाळी कपाटातला एकेक प्राणी तिच्या ओंजळीत आला.