पाच दिवस पाणी

सुट्टीतल्या बायबल शाळेचा अभ्यासक्रम निवडायचं काम माझ्याकडे आलं, ते माझ्या लायकीमुळे नव्हे. त्या रविवारी उपासनेनंतर बैठक सुरू झाली तेव्हा मी मागे चहा आणायला गेलो होतो. कप घेऊन परत येईस्तोवर माझं नाव ठरलेलं होतं. आमच्या चर्चच्या मंडळीत गैरहजर माणूस नेहमी एकमताने निवडून येतो.

मंडळी लहानशीच. महाड शहरातली दहाबारा घरं, पोलादपूरकडची चारपाच. पाळकांकडे दोन मंडळ्या, त्यामुळे ते कायम फिरतीवर. इथलं सगळं त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई बघतात. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला मास्तर. मे महिन्यात पाच दिवस मुलांनी सकाळी यायचं, गोष्ट ऐकायची, गाणी म्हणायची, वचन पाठ करायचं, सरबत-बिस्किटं खायची, आणि शेवटच्या दिवशी आईबापांसमोर कार्यक्रम करायचा. एवढ्यासाठी अभ्यासक्रम निवडायचा. त्यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं.

यादीत एकोणीस मुलं होती. त्यातली एक सहा वर्षांची मुलगी आईचा पदर सोडत नसे. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात मायलेकी दीड दिवस घराच्या माळ्यावर अडकून होत्या, तेव्हापासूनचं हे. आई घरी शिवणकाम करते. पोर मशीनशेजारी पदर मुठीत धरून बसते. बालवाडीतसुद्धा आई दारात बसली तरच आत जायची.

"मास्तर, जूनला पहिलीत घालायचीय," आई मला म्हणाली. "तिथं मला कोण बसू देनार हाय? ही माज्याबिगर बसली नाय तर वर्स फुकट जाईल पोरीचं."

"पाच दिवस माझ्याकडे पाठवा," मी म्हणालो. "पदर सुटला नाही तर माझं नाव बदलून ठेवा."

असं मी का बोललो, ते मला माहीत नाही. समोर कुणी काळजीत दिसलं की माझ्या तोंडून आश्वासन निघतं, जशी काही लोकांना धुळीने शिंक येते.

निवडीसाठी तीन नमुने आले होते. पहिला बर्फाळ डोंगरांचा. दुसरा मेंढपाळाचा. तिसरा समुद्रप्रवासाचा. बैठकीत पोलादपूरकडचे एक वडीलधारे होते, एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी झालेली, आवाज अजून भरलेल्या गाडीतला.

"बरफाचा नको," ते म्हणाले. "आमच्या पोरांनी बरफ गोळेवाल्याच्या गाडीवर बगितलाय फकस्त. ऊन बगा काय पडलंय. थर्माकोलचे डोंगर करून त्यांना काय गारवा मिळनार हाय?"

बर्फ गेला. पाळकीणबाईंनी मेंढपाळाची पुस्तिका पुढे सरकवली. "हा घ्या, मास्तर. शेळ्या-मेंढ्या मुलांच्या ओळखीच्या आहेत. गोष्टीही साध्या आहेत."

पण माझं लक्ष तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर खिळलं होतं. तिथे एका सभागृहात पुठ्ठ्याची नाव उभी केल्याचा फोटो होता. डोलकाठी, शीड, गोल खिडक्या. रंगकाम सुमार होतं. हे मी किती चांगलं केलं असतं, असं मनात आलं, आणि तिथेच निवड संपली. तीस वर्षं मुलांना कलिंगडाची फोड काढायला शिकवलेल्या माणसाला आयुष्यात एकदा जहाज मिळत होतं.

"समुद्राचा घेऊ," मी म्हणालो. "आपली मुलं नदीकाठची. त्यांना पाणी जवळचं."

हे वाक्य मी महाडमध्ये, भर बैठकीत उच्चारलं. तिथल्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या उंचीवर अजून दिसते. पण कुणालाच काही खटकलं नाही. आम्हाला पाण्याची इतकी सवय आहे, की "पाणी जवळचं" म्हटल्यावर दोघांनी मानासुद्धा डोलावल्या.

पाळकीणबाईंनी तेवढं विचारलं, "आतलं वाचलंत ना मास्तर, सगळं?"

"हो तर," मी म्हणालो. मी मुखपृष्ठ आणि शेवटचं पान वाचलं होतं.

संच आला. एकोणीस कृतिपुस्तिका, प्रत्येकीवर शिडाची नाव छापलेली. मी आतलं न वाचता थेट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो आणि फ्रीजची तीन रिकामी खोकी मागून आणली. आठ दिवस मी जहाज बांधत होतो. बायको म्हणाली, "घराच्या दाराला दोन वर्षांत रंगाचा हात लागला नाही, आणि खोक्याला तीन हात झाले." लाटांसाठी मी निळी ताडपत्री घेतली. मदतीला येणाऱ्या कॉलेजातल्या दोघी मुलींनी ती दोन टोकांनी धरून हलवली की फडफड आवाज करत सुंदर लाटा उठत. त्या युक्तीवर मी फार खूश होतो.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी मी शिक्षकांची पुस्तिका उघडली. पहिला दिवस, जलप्रलय आणि तारू. दुसरा, समुद्र दुभंगतो. तिसरा, वादळात जहाजावरून फेकलेला माणूस, माशाच्या पोटात तीन दिवस. चौथा, सरोवरातलं तुफान. पाचवा, पाण्यावरून चालता चालता बुडू लागलेला शिष्य. मी पुस्तिका मिटली, पुन्हा उघडली. पाचही दिवस तेच होते.

तरी मी स्वतःची समजूत घातली. गोष्टींमध्ये माणसं वाचतातच की शेवटी.

पहिल्या दिवशी मुलगी आली. आई दाराबाहेरच्या पायरीवर बसली, पोर उंबऱ्याच्या आत, पदर दोघींमध्ये ताणलेला. गाणी झाली. पोरगी ओठ हलवत होती. मला वाटलं, जमतंय. मग मी गोष्ट सुरू केली. पाऊस थांबेचना, पाणी चढू लागलं, असं म्हणालो आणि एका मुलाने विचारलं, "मास्तर, कुठवर आलं होतं?"

महाडात पुराची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न हाच असतो.

"खूप वर," मी म्हणालो.

"आमच्यात पंख्याला लागलेलं!"

"आमची तर गाडी झाडावर होती."

"हॅट, झाडावर! खोटारडी. आमचा फ्रीज दासगावला सापडला."

वर्गात पुराची चढाओढ लागली. मला आवरेना. गडबडीत मी कॉलेजातल्या त्या दोघींना खूण केली, गाणं सुरू करा अशी. त्यांना वाटलं, लाटा. त्यांनी ताडपत्री फडफडवली.

मुलगी ओरडली नाही. ती उठली, उंबरा ओलांडला, आईच्या मांडीवर चढली आणि तिने दोन्ही हातांनी कान झाकले. पुरात त्यांच्या घराच्या पत्र्यावर बांधलेली ताडपत्री दीड दिवस अशीच वाजत होती, हे आईने मला नंतर सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जाऊ द्या मास्तर. तुमी तरी काय करनार?" आणि पोरीला उचलून निघाली.

संध्याकाळी मी पाण्याविना गोष्ट शोधायला बसलो. खडकावर बांधलेलं घर बरं वाटलं, पण पुढच्याच ओळीत पूर आला. टोपलीतलं बाळ काढलं तर ते नदीत. मेजवानीची गोष्ट काढली तर रांजण पाण्याने भरलेले. शेवटी मी पाळकीणबाईंकडे गेलो. मेंढपाळाची पुस्तिका मागायची लाज वाटत होती, म्हणून आधी हवेबद्दल बोललो.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "आतलं वाचलं नव्हतंत ना?"

"नव्हतं."

"मला कळलं होतं. मीच जोर करायला हवा होता." त्यांनी चहा टाकला. "मेंढपाळाची पुस्तिका मी परत पाठवली. सिंहांच्या गुहेची गोष्ट करा. त्यात थेंबभर पाणी नाही."

दुसऱ्या दिवशी मी ताडपत्री घरी ठेवली आणि मायलेकींना घरून बोलावून आणलं. सिंह मीच झालो. गळ्याभोवती काथ्याची आयाळ, चार पायांवर. मुलं आधी निराश झाली. त्यांना जहाज हवं होतं, म्हणून सिंहाची गुहा जहाजातच करावी लागली. असली गुहा कुठल्याही ग्रंथात नसावी. मी गुरगुरत उंबऱ्याजवळ गेलो. मुलगी घाबरली नाही. ती माझ्या काथ्याकडे बघत होती.

"हा सिंह माणसाला खाईल," मी तिला हळूच म्हणालो. "कुणीतरी याला मागून धरून ठेवायला हवं."

तिने विचार केला. मग तिने पदर सोडला आणि माझ्या शर्टाचं मागचं टोक धरलं. पायरीवर बसलेल्या आईने तोंडावर हात ठेवला. मी चार पायांवर आत गेलो, पोर मागून आली, आणि गुहेतला माणूस वाचला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मनातल्या मनात स्वतःला हार घालत होतो.

गोष्ट संपली. तिने शर्ट सोडला नाही.

सरबत झालं, चित्रकाम झालं, शर्ट तिच्या मुठीत. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मला लघवीला जायचं होतं तर दाराबाहेर तिला उभं करून शर्ट काढून तिच्याकडे द्यावा लागला. पाचव्या दिवशी आईबापांसमोर बनियनवर यायची वेळ नको, म्हणून मी सगळा कार्यक्रम एका जागी उभं राहून चालवला. कंडक्टरसाहेब पहिल्या रांगेतून ओरडले, "मास्तर, पुढं सरका की!" मला सरकता येत नव्हतं.

आई मात्र मागे, शेवटच्या बाकावर बसली होती, पदर मोकळा. "सुटला की वो मास्तर," ती म्हणाली. तिला खरं सांगायचा मला धीर झाला नाही. पण पोरीने घरी गेल्यावर पुन्हा पदर धरला असणार, हे तिलाही माहीत होतं. म्हणूनच जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली.

"तुमी आलात तर बसेल ती," ती म्हणाली. "माज्यासाठी नाय बसनार."

वर्गाच्या दारात पहिलीच्या बाईंनी मला ओळखलं. माझ्याच हाताखाली शिकलेल्या. मी मुलीची मूठ हलकेच उघडू पाहिली. करंगळी सुटली की अंगठा आवळायचा. बाई बघत होत्या.

"सर, किती दिवस बसाल?"

"सांगता येत नाही."

त्यांनी मागच्या भिंतीजवळ एक पाट टाकायला लावला. गेले तीन आठवडे मी सकाळी तिथे बसतो. मुळाक्षरं सुरू झाली आहेत. मुलगी माझ्यापुढे बसते, एक हात मागे माझ्या शर्टावर, दुसऱ्या हाताने वहीत गिरवते. काल तिने आठ मिनिटं शर्ट सोडला होता, कारण पेन्सिलीला टोक करायला दोन्ही हात लागले. टोक झालं, आणि मागे न बघता तिने हात परत आणला. मी त्या आठ मिनिटांत उठून जाऊ शकलो असतो. उठलो नाही. उठावं की बसावं, हे मला अजूनही कळत नाही.